चौघींचं बहुमत

माझ्या जिभेला हाड नाही, असं गल्लीतले लोक मी शाळेत होते तेव्हापासून म्हणत. पुढे पोस्टाच्या काउंटरवर उभा जन्म काढला, तिथेही हेच म्हणत. मला त्याची कधी लाज वाटली नाही, उलट थोडा तोराच होता. माणसाला लागेल असं बोलायचं आणि वर ‘मी बाई स्पष्टवक्ती’ म्हणायचं, हा माझा आवडता छंद. लोक फुलझाडं लावतात, मी हे करत आले.

आम्ही चौघी एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या. मी एक. दुसरी पुढे शाळेत शिकवायला लागली म्हणून ती बाई. तिसरी ठेकेदाराच्या घरात दिली, ती ठेकेदारीण. चौथी विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा ठसठशीत सोलापुरी. ती पाच भावंडांत थोरली, भावंडं तिला अक्का म्हणत, म्हणून सगळी गल्लीच तिला अक्का म्हणायची.

शाळेत असताना महिन्यातून एकदा आम्हाला मॅटिनी बघायला मिळायची. जाताना चालत, येताना चालत, आणि येताना भांडत. कोण कुणाला काय म्हणालं, पत्र नेमकं कुणाच्या हाती पडलं, आईने शेवटी मुलाला ओळखलं की नाही. तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघायला घरून कोण सोडणार? मग आम्ही हात वर करायची पद्धत काढली. ज्या बाजूला तीन हात, ते खरं. उरलेलीने तोंड मिटायचं आणि पुढे कधीही सिनेमाची गोष्ट सांगताना तसंच सांगायचं. एका सिनेमात शेवटी नायक मेला होता. ठेकेदारीण इतकी रडली, की रस्त्यात आम्ही तिघींनी हात वर करून त्याला जिवंत केला. विरोधात एकटी अक्का होती. पण त्यानंतर तिनेही आपल्या भावंडांना तो नायक जिवंतच सांगितला. नियम म्हणजे नियम, असं मानणारी ती होती.

लग्नं झाली, पण चौघीही सोलापुरातच राहिलो. साठी उलटल्यावर रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी एका बाकावर जमायला लागलो. सिनेमे बघणं संपलं होतं. आता आमचं तरुणपणच तेवढं उरलं होतं चघळायला, आणि भांडायलाही. मग जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. बाई नववीत गणितात नापास झाली होती, असं आम्ही तीन हातांनी ठरवलं. ती कधीच नापास झाली नव्हती. ती इतकी चिडली की दोन दिवस बाकावर आली नाही. माझं एका शिंप्यावर प्रेम होतं, हेही असंच मंजूर झालं. फिरकी घ्यायची, समोरचीचा चेहरा पडलेला बघायचा, आणि हसून हसून डोळे पुसत घरी जायचं. त्या वयात आम्ही दुसरं काय खेळणार होतो, लगोरी?

अक्काजवळ मात्र सांगण्यासारखी एकच आठवण होती. दर जानेवारीत तळ्याजवळच्या मैदानावर गड्ड्याची जत्रा भरायला लागली आणि बाकावरून मोठा पाळणा दिसायला लागला, की ती सुरू व्हायची. आम्ही शाळेत होतो तेव्हा तिची धाकटी बहीण सात-आठ वर्षांची होती. पोलिओने दोन्ही पाय गेलेले. दिवसभर मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची, आणि मागाच्या खटखटीत तिचं बोलणंही कुणाला ऐकू जायचं नाही. तिला बाहेर न्यायचं असतं हे त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं. एका वर्षी अक्काने तिला पाठुंगळी घेतलं आणि गल्लीपासून गड्ड्यापर्यंत चालत नेलं. आम्ही तिघी बरोबर होतो. पाळण्यात बसवलं. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा सगळी पोरं ओरडत होती, ती ओरडली नाही. अक्काच्या कानाला लागून तेलुगूत म्हणाली, इथं माग ऐकू येत नाही. त्याच उन्हाळ्यात तापाने ती गेली. अक्का दरवर्षी हे त्याच शब्दांत सांगायची, आणि शेवटी पदराने तोंड पुसायची.

हे सगळं खरं होतं. पण त्यात एक गोष्ट ती कधीच सांगायची नाही, आणि ती मला पक्की आठवत होती. गल्लीच्या तोंडाशी, त्या पोरीच्या देखत, मी म्हणाले होते, “हिला कशाला घेतलीस? लोक बघत राहतील. सगळ्या मजेचं वाटोळं.” आणि मग गड्ड्यापर्यंत मी दहा पावलं पुढे चालले, त्यांच्याबरोबर आहे असं कुणाला वाटू नये म्हणून.

पन्नास वर्षांत अक्काने हे एकदाही तोंडातून काढलं नाही. विसरली नव्हती. माझ्याकडे बघून तेवढा भाग गाळायची, हे मला कळत होतं. कुणी मला शिव्या दिल्या तर मी चार परत देऊ शकते, पण कुणी मला सांभाळून घेतलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दर जानेवारीत ती मला सांभाळून घ्यायची आणि मी शेंगा फोडत ऐकायची.

मग अक्का विसरायला लागली. प्रथम माझ्याच लक्षात आलं, कारण बाकावर मी तिच्या शेजारी बसायची. एकच प्रश्न दोनदा विचारायची. चप्पल समोर असताना चप्पल शोधायची. एकदा तळ्याकडून घरी जायचा रस्ताच तिने मला विचारला, जन्मभर पायाखालचा रस्ता. मी कुणाला सांगितलं नाही, तिच्या सुनेलाही नाही. सांगायला हवं होतं. पण मला त्यात गंमत दिसली. माझ्याजवळ एक गुपित आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं.

त्या जानेवारीत पाळणा उभा राहिला आणि अक्काने सुरुवात केली. पाठुंगळीपर्यंत आली तेव्हा मी मध्येच म्हणाले, “काय सांगलालीस गं? ती आलीच नव्हती. तू तिला दारात बसवून आमच्याबरोबर आलीस. रडत होती ती.”

आणि हात वर केला.

बाई आणि ठेकेदारीण एकमेकींकडे बघून हसल्या आणि सवयीने त्यांचेही हात वर गेले. अक्काही हसली. चल गं, काहीही, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तीच आठवण काढली, आम्ही पुन्हा हात वर केले. जत्रा संपेपर्यंत आमचा तोच खेळ चालला. पुढच्या वर्षीही चालला. त्यावर मी आणखी रंग चढवले. बहिणीने तिचा परकर कसा धरून ठेवला होता, अक्काने तो कसा हिसकला, वगैरे. काउंटरवर आयुष्यभर लोकांच्या चिठ्ठ्या हाताळल्या होत्या, तेव्हा बारकावे मला चांगले सुचायचे.

तिसऱ्या वर्षी अक्का पाळण्याकडे बघून बोलायला लागली आणि थांबली. आमचे हात मांडीवरच होते. तिने तिघींच्या हातांकडे आळीपाळीने बघितलं आणि हळूच म्हणाली, “न्हाय. ती आली नव्हती, न्हाय का?”

आम्ही हसलो. मला तर जिंकल्यासारखं वाटलं. ती दरवर्षी माझ्यावर करत असलेले उपकार एकदाचे संपले, असं मनात आलं, आणि मी त्या संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवले.

ठेकेदारीण गेली त्या पावसाळ्यात. झोपेतच गेली. बाईला मुलाने पुण्याला नेलं. बाकावर आम्ही दोघी उरलो. अक्काला तिची सून आणून सोडायची आणि तासाभराने न्यायला यायची. तिला आता सिनेमे आठवत नव्हते, नवऱ्याचं जाणंही कधी आठवे कधी नाही. पण एक गोष्ट घट्ट बसली होती. माझ्या हाताला धरून ती म्हणायची, “मी सोडून आले की गं तिला. दारात. माझा परकर धरली होती. मी का केलं असंल तसं?”

परकराचा तो तपशील माझा होता. मी बाकावर बसून रचलेला. तो तिच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा माझी जीभ टाळूला चिकटली.

मी तिला खरं सांगायला सुरुवात केली. तू तिला पाठुंगळी नेलंस, पाळण्यात बसवलंस, ती असं असं म्हणाली. रोज सांगायची. गल्लीच्या तोंडाशी मी काय बोलले, तेवढं मात्र मीही गाळायची. अक्का शांतपणे ऐकायची आणि मान हलवायची.

“तीन हात वर होते,” ती म्हणायची.

मी म्हणायची, मस्करी केली आम्ही. तिघींनी? हो, तिघींनी. मग ती माझ्याकडे इतक्या कळवळ्याने बघायची की मला तिथून उठून जावंसं वाटे.

“तिघी कशाला खोटं बोलतील? तुला आता आठवत न्हाय. वय झालं की आपलं.”

एकदा मी हट्टाने बाईला व्हिडिओ कॉल लावला. आदल्या दिवशी फोनवर तिला सगळं समजावून सांगितलं होतं, की मस्करी पुरे, तू फक्त खरं काय ते सांग. फोन अक्कासमोर धरला आणि विचारलं, ती पोरगी गड्ड्याला आली होती की नाही? पडद्यावर बाई गोंधळलेली दिसली. मग अक्काला बघून तिचा चेहरा खुलला, आणि तिने हात वर केला. कशासाठी वर केला ते तिलाही सांगता आलं नाही. नंतर मी तिला फोनवर वाट्टेल ते बोलले. तेव्हा ती रडायच्या बेतात येऊन म्हणाली, “पण ती आली नव्हतीच ना? आपणच म्हणत होतो.” बाईचंही डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नव्हतं. आणि ठेकेदारणीचा हात तर अजून वरच होता. मेलेल्या माणसाचं मत फिरवता येत नाही, आणि अक्का ते मोजायची.

या जानेवारीत पाळणा पुन्हा उभा राहिला. आता त्याला निळे-जांभळे दिवे असतात आणि गाणी इतकी मोठ्याने लावतात की तळ्याच्या काठावर बोललेलं ऐकू येत नाही. मी ठरवूनच गेले होते. या वेळी सगळं सांगायचं, माझं वाक्यसुद्धा. तेवढं कबूल केलं तर बाकीचं तिला पटेल, असा माझा हिशेब होता. खोटं बोलणारी बाई स्वतःची लाज कशाला उघडी करेल?

पण मी तोंड उघडायच्या आत अक्काच बोलायला लागली. बरेच दिवस विचार करून ठेवल्यासारखी.

“मी तर तिला सोडले. पण कुणीतरी म्हणालं असंल की, हिला पण घेऊया. एवढ्या चौघी होतो. एक तरी म्हणाली असंल.” तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. “तूच म्हणाली असशील. तुझं तोंड वाईट, पण मन लई चांगलं. तूच म्हणालीस, घे तिला. मी ऐकले न्हाय.”

आणि तिने हात वर केला.

माझं वाक्य ओठांवर होतं. ते मी तिला त्या वेळी सांगू शकले असते. पण अक्काला आता एवढाच आधार उरला होता, की त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तिच्या बहिणीच्या बाजूने कुणीतरी होतं. बाकीचं सगळं मी आधीच काढून घेतलं होतं. ती हात वर धरून माझी वाट बघत होती. तिने तो खाली घेतला नाही.

मी हात वर केला.

दोघी होतो, दोन्ही हात वर होते, विरोधात कुणी नव्हतं. अक्काने पदराने तोंड पुसलं आणि सून यायच्या आत भेळ खाऊया म्हणाली.