फोटोतली म्हैस

म्हैस विकायची जाहिरात मीच लिहिली, हे आधीच सांगते. नवऱ्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. धार रोज मी काढायची. तिचं एक सड बंद पडलंय, दोन्ही वेळचं मिळून सहा लिटरच्या वर ती जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी फोनवरच्या लिलावात मी लिहिलं, 'दहा लिटर, निर्दोष.' फोटोच्या दिवशी सकाळी मुद्दाम धार काढली नाही. बाजारात नेतानाही लोक असंच करतात. कास तटतटली, बिचारी रेकत राहिली, आणि मी चांगल्या बाजूनं फोटो काढले. पण बाजारात गिऱ्हाईक खाली बसून स्वतः धार काढून बघतं. फोटोची धार कोण काढणार?

दोन दिवस बोली थंडच होती. मग नवऱ्यानं भावकीतल्या चौघांना बोली चढवायच्या कामाला लावलं. आमच्याकडे यात्रेत देवीच्या साडीचा लिलाव होतो. साडी घ्यायची नसली तरी लोक बोली चढवतात, देवीच्या पदरात जास्त पडावं म्हणून. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. दीर त्याच उत्साहात आमच्या ओट्यावर बसून ओरडत होता, "चढवा बे, आपलीच म्हैस हाय!" मीही हसले. आमची माणसं थांबली तेव्हा सगळ्यांत वर धर्मापुरीची एक बाई होती.

ती टेम्पो घेऊन आमच्या गावी, दिंद्रुडला आली. माझ्याहून लहान, ऊसतोडीनं हात चिरलेले. चहा पिताना खुशीत म्हणाली, "अक्का, आता यंदा कारखान्यावर जायचं न्हाई. दूध घालीन डेअरीला. लेकीची धावी हाय, तिला एकटीला टाकून कसं जावं?"

मी माझा कप खाली ठेवला. तिनंच बघावं आणि नको म्हणावं, म्हणजे मला बोलायला नको, असं वाटलं. असली भित्री मी.

"धार काढून बघतेस का?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "बोलीत नावाम्होरं गाव दिसतंय की. तुमच्याच गावची चार मान्सं हिच्यासाठी भांडत हुती. गावचं जनावर गावाला म्हाईत असतंय. त्यांच्याकडं बघूनच मी येवढी वर गेले."

बाई, ती आमचीच माणसं होती. एवढंच म्हणायचं होतं. नवरा दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, पण त्याच्या बघण्याला मी एरवी कधी भ्यायले नाही. मला माझीच किळस आली, तरी दावं सोडून मी तिच्या हातात दिलं.

टेम्पोत चढण्याआधी ती मागं वळली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.