अण्णांचा अंगठा

अण्णा गेल्याचा हॉस्पिटलातून फोन सकाळी आला. पलीकडची मुलगी तमिळमध्ये बोलत होती. मला सगळं कळत होतं, तरी मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. मग फोन ठेवला, दाराशी आलेलं दूध आत घेतलं आणि तशीच उभी राहिले…

अण्णा माझे थोरले भाऊ. आई लवकर गेली, चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि घर माझ्याकडे आलं. ते शिकत राहिले, मातीचे शास्त्रज्ञ झाले. लग्न केलं नाही. चेन्नईला नोकरी लागली तेव्हा मलाही घेऊन आले. आफ्रिका, ब्राझील, रशिया… कुठून कुठून बोलावणी यायची. परत आले की नखांत तिथली माती. "आधी हात धुवा, मग पानावर बसा," मी म्हणायची. "शांते, इतक्या लांबून आलीय बिचारी, लगेच घालवतेस?" म्हणून मला चिडवायचे. पेरुंगुडीच्या या घरात आलो तेव्हा गॅलरीतून खाली बघून म्हणाले, "आपण बुजवलेल्या तळ्यात राहायला आलोय, बरं का." मी हसले. पुढे एका पावसाळ्यात तळमजल्यावरच्या लोकांना होडीतून काढावं लागलं, तेव्हा मला ते वाक्य आठवलं.

परवा मैलापूरला त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी शोकसभा घेतली. ते कुठकुठल्या देशांत गेले ते सगळं सांगितलं. मला बोला म्हणाले, मी मानेनेच नको म्हटलं. मला जे आठवत होतं ते त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

माती ओळखायची त्यांची एक रीत होती. ओल्या मातीचा गोळा घ्यायचा आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे ढकलत त्याची फीत काढायची. तुटायच्या आधी फीत जितकी लांब येईल तितकी माती चिकण. अर्धांगाचा झटका आल्यावर अण्णांची वाचा गेली, पण उजवा अंगठा तर्जनीवरून सारखा पुढे सरकत राहिला. एकदा नाकातली नळी निघाली, ती त्यांनीच ओढली असं समजून हॉस्पिटलात त्यांचे हात कापडी पट्टीने पलंगाला बांधले. बांधलेल्या हाताचाही अंगठा चालूच होता.

मी कधी कुणाशी वर तोंड करून बोलले नाही. त्या दिवशी मात्र सिस्टरला म्हटलं, "ते नळी ओढत नाहीत. माती बघताहेत. हात सोडा त्यांचा."

"इथे कुठली माती, पाटी?" ती म्हणाली. आजीला इथे पाटी म्हणतात. "तुम्ही जाल घरी. नळी निघाली तर बोलणी मला बसतील."

"मी धरून बसते. हलणार नाही."

तिने दाराकडे पाहिलं आणि उजवा हात मोकळा केला. "भेटायची वेळ संपेपर्यंतच हं, पाटी."

मी माझं बोट त्यांच्या अंगठ्याखाली दिलं. अंगठा टोकापासून पेरापर्यंत आला… थांबला. पुन्हा आला. मग त्याच अंगठ्याने त्यांनी माझं बोट बाजूला सारलं आणि आपल्या रिकाम्या तर्जनीवर परत सुरू केलं. डोळे उघडले नाहीत. वेळ संपली तशी सिस्टरने हात पुन्हा बांधला. "उद्या परत सोडते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोनच आला.

त्यांचं सामान हॉस्पिटलाने पिशवीत घालून दिलं. चष्मा, लुंगी, आणि चुकून ती पट्टीही आली. मनगटाएवढा फास तसाच होता. इतके दिवस ती त्यांच्या टेबलावर पडून होती. काल गाठ सोडवायला बसले. सिस्टरने घट्ट मारलीच नव्हती… जरा ओढली तर सुटली.