हातभर लांबून

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, महेशला तर नाहीच. पण आज रिपोर्ट आला — गाठ वाढलेली नाही, उलट आक्रसलीय! — आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. आता हे पोटात ठेववत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

महेश माझा नवरा. त्याच्या कवटीच्या तळाशी, मेंदूला खेटून गाठ होती. तिथं चाकू पुरता पोचत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी उरलेल्या गाठीत किरणोत्सर्गी दाणे बसवले — तांदळाच्या कणीएवढे, कायमचे. आतल्या आत गाठ जाळायची आणि हळूहळू निवून जायचं. काय डोकं लावलंय माणसानं, सांगा! आमच्या जुळे सोलापुरात भेटेल त्याला धरून मी हेच सांगत सुटले होते.

घरी सोडताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. गरोदर बाई आणि लहान मुलं काही आठवडे लांब ठेवा, बाकी कुणी जवळ बसलं तरी चालेल. एवढंच.

मग केम गावाहून आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. स्टेशनवरून थेट, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन. आणि महेश — माझ्या हातचा घोटभर चहा न घेणारा महेश — त्यांना बघून लहान पोरासारखा रडला. हॉस्पिटलच्या बाकावर दिवस काढले मी, माझ्यापुढं कधी रडला होता का? मला राग आला. हो, राग. तो राहील की जाईल, कुणाला माहीत होतं? जेवढा असेल तेवढा मला एकटीला हवा होता.

त्याला झोप लागली. आत्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकल्या, तशी मी म्हणाले, किरणं असतात, तुम्हाला बाधतील. त्या हसल्या. "मला म्हातारीला आता काय हुतंय गं?"

तिथं गप्प बसता आलं असतं. पण मी —

मी म्हणाले, "तुम्हाला नाही आत्या, त्याला. हात लागला तर दाणे हलतील. आणि त्याला यातलं काही बोलू नका, घाबरेल."

तापल्या तव्यावरून काढावा तसा त्यांनी हात मागं घेतला. "आगं बया! न्हाय लावत मग. मी हितं दारात बसते की."

आल्या की अजून दारातच बसतात. दाणे केव्हाच निवले, पण त्यांना ते सांगणार कोण? मीच ना? आणि महेशला वाटतं, आई आपल्या आजाराला भ्याली. एकदा त्यानं विचारलंही — आईला माझी किळस येते का गं? मी म्हणाले, जुनी माणसं, घाबरतात. हे आणखी एक खोटं. आधीच्याहून वाईट.

आज मी पेढे आणले. रिपोर्ट ऐकून आत्या धावतच उठल्या, नाचायच्याच बाकी होत्या! हातभर लांब थांबल्या. तिथूनच हवेत त्याच्या तोंडावरून हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. महेशनं डोकं थोडं पुढं केलं. त्या झटकन मागं सरल्या.

"लांबनंच बरं हाय रं बाबा," म्हणाल्या.

मी दोघांच्या मध्ये उभी होते, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी दोघांनाही एकेक पेढा दिला.