विमान हवेत, सही यादीवर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर वेड्यात काढत आलोय. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण कुठंतरी बोललंच पाहिजे.

मी इंदापूरचा. डाळिंबाच्या व्यापारात शून्यातून उभा राहिलो. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. एकुलत्या एक लेकीचं, प्राजूचं लग्न पणदऱ्याच्या घरात जमलं. याद्यांची बैठक आमच्याकडे, दुपारी चारला. लग्न कुणाच्या दारात, मानपान कुणी करायचा — सगळं कागदावर उतरतं, खाली दोन्ही बापांच्या सह्या. व्याह्यांचा हट्ट होता पणदऱ्याचा. माझं म्हणणं एकच — हे घर मी बांधलंय, लेक याच दारातून जाईल.

त्या दिवशी मी कोलकात्यात. सकाळचं विमान अडीचवर ढकललेलं! काउंटरवर तासभर भांडलो, मिळाली एक खिडकीची सीट. कोलकाता ते पुणे सोळाशेच्या आसपास किलोमीटर, पावणेतीन तास. पुढं इंदापूर आणखी तीन तास. व्याही बैठक पुढं ढकलायला तयार नाहीत, म्हणे मुहूर्त आहे. बसण्याआधी बायकोला, शैलाला बजावलं, "मी येईस्तोवर एक अक्षर लिहू देऊ नको. चहावर चहा पाज."

म्हणजे चार वाजता मी ढगात होतो. सव्वापाचला उतरलो, फोन लावला.

"थोपवून धरलंय ना?"

"काय थोपवायचं? तुमीच तर सही केली."

"शैले, मी आत्ता विमानातनं उतरतोय!"

"चेष्टा पुरे. आत्ता तर हितनं उठून गेला. गाडी कुठं लावली इचारलं, तर नुसतं हसला."

नुसतं हसायला मी काय येडा आहे?

घरी येऊन यादी बघितली. लग्न पणदऱ्यात. खाली सही माझीच, शेवटच्या अक्षराची शेपटी मी वळवतो तशीच उलटी वळवलेली. फोटो कुणीच काढला नव्हता, गडबडीत राहिलं म्हणे! व्याह्यांना फोन केला, तर तेच खूश. "राव, तुमचा लई धाक ऐकला हुता. एका शब्दानं आडवं गेला न्हाय!"

बोर्डिंग पास टेबलावर आपटला. शैला म्हणाली, "झालं का पुन्हा सुरू?"

मी यादी फाडायलाच घेतली होती. प्राजूनं हात धरला.

"आण्णा, नका. मला वाटलं हुतं, आज तुमी भांडून माझं लग्न मोडणार. चार दिवस घास उतरत नव्हता. पण तुमी डोक्यावर हात ठेवला... म्हणाला, तुला बरं वाटंल तिथं होऊ दे." तिचे डोळे भरले. "ते तुमीच हुता न्हवं?"

बोर्डिंग पास समोर पडला होता. वेळ छापलेली, सीट नंबर छापलेला.

"व्हय," मी म्हणालो. "मीच हुतो."

लग्न पणदऱ्यात झालं. अजून त्याचा संताप आहे. ते कोण होतं, कुठून आलं, मला आजही माहीत नाही. मांडवात मी प्रत्येक तोंड निरखत होतो. सापडला असता तर सहीचं सोडून दिलं असतं. एवढंच विचारायचं होतं — पंचवीस वर्षं ती माझ्या घरात होती, तिच्या डोक्यावर हात ठेवायचं मला सुचलं नाही... तुला कसं सुचलं?