ठकुबाईनं झाकलेली गोष्ट

हिर्डोशीत पहिला उंदीर पडला तो ठकुबाईच्या पडवीत. भर दुपारी अडखळत आला, माणसाला भ्यायलाही नाही, जात्यापाशी गिरकी घेऊन आडवा झाला. धडधाकट उंदीर असा उजेडात येत नसतो, हे ठकुबाईला ठाऊक होतं. मुलगा भिमा आणि बिनआईची पाच वर्षांची नात बनी यांना घेऊन तिनं तासाभरात माळ गाठला. आणखी चार घरांत उंदीर पडले, तसा सगळा गाव मागोमाग झोपड्या घालून बाहेर राहिला.

बाकीच्यांनी अंथरूण-पांघरूण बरोबर आणलं. ठकुबाईनं एक चिंधीसुद्धा घेऊ दिली नाही. पेंढ्यात झोपायचं म्हणाली.

"पौषाची थंडी हाय, पोर गारठंल की!" शेजारची अंबूबाई म्हणाली. ठकुबाई तिच्या अंगावर धावून गेली. बाई मुळातच तिरसट, आणि कारण विचारलं की जास्तच.

चौथ्या सकाळी बनीच्या अंगावर घरातली वाकळ होती.

"पोर कुडकुडत व्हती, आये," भिमा म्हणाला. "म्या जाऊन आणली. घरात उंदीर-बिंदीर काय बी नव्हता."

ठकुबाई वाकळीकडं बघत म्हणाली, "रतनलाबी म्या अशीच आणून दिली व्हती."

रतन तिची थोरली लेक, वीस वर्षांपूर्वी गाठीच्या तापानं गेलेली. देवाची करणी, असं ठकुबाईनं सगळ्यांना सांगितलं होतं. भोरहून आलेल्या डॉक्टरांनी तिला खरं काय ते समजावलं होतं. उंदीर मरून गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा कापडात शिरतात, आणि माणसाला चावून रोग देतात. लाजेपायी ती हे कुणाला बोललीच नव्हती.

"आये, आदी का न्हाई सांगितलंस?" भिमानं वाकळ ओढून काढत विचारलं.

वाकळ तिनं चुलीत कोंबली, बनीला कढत पाण्यानं घासून काढलं आणि झोपडीझोपडीतून फिरली. "माजी रतन माज्या हातनं गेली. कापडं उकळा, बायांनो." त्या दिवशी माळावर हंडेच्या हंडे चढले. अंबूबाईनं आपला हंडा सर्वांत आधी चढवला.

गाठ यायची तर आठवड्यात येते, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज सकाळी ठकुबाई बनीची काख, जांघ चाचपायची. वाकळ जाळल्याच्या पाचव्या दिवशी पोरीचं अंग कढत लागलं, तेव्हा तिनं आशाच सोडली. पण बनी नुसती उन्हात खेळून आली होती.

आठव्या सकाळी तिनं पुन्हा काखेत बोटं घातली. गाठ नव्हती.

"आज्जे, गुदगुल्या व्हत्यात!" बनी खिदळली. आणि ठकुबाई तिला पोटाशी धरून रतनसाठी मोठ्यानं रडली, वीस वर्षांत पहिल्यांदा.