पेजेची अक्षरं

हे मी आमच्या ह्यांना सांगितलं नाही. लेकीला नाही, आणि सुनेला तर नाहीच नाही. ती बिचारी मला सरळ बाई समजते, तिचा गैरसमज कशाला मोडा? तुम्हाला सांगते आहे, कारण सांगताना तुमच्याकडे बघावं लागत नाही. लिहिण्यात तेवढी सोय असते.

आधी ती मुलगी डोळ्यांसमोर आणा. ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहणारी, दोन घट्ट वेण्या, कडक इस्त्रीची साडी, आणि बी.एस्सी.ला सूक्ष्मजंतू हा विषय. वाडीतल्या बायका विचारत, "काय गं, ते जंतू बघून मिळतं काय?" तर ही नाक वर करून म्हणे, "तुमच्या लोणच्यात काय चाललंय ते मला दिसतं." त्या वर्षी वाडीत कुणी माझ्यासमोर लोणच्याची बरणी उघडली नाही. दीडशहाणी म्हणतात ना — ती हीच.

कॉलेजची इमारत जुनी, राणीच्या राज्यातली. पोरबंदरी दगडाची — मऊ, सायीच्या रंगाचा दगड. त्यावर कुणा कारागिरांनी पानं, वेली, पोपट कोरलेले. मागच्या अंगाला खानावळीची मोरी होती. आचारी भाताची पेज भिंतीच्या कडेनं ओतायचा आणि नेमकं तेवढ्याच भागात दगडावर काळंहिरवं मखमलीसारखं काहीतरी धरायचं. आमच्या सरांनी ते एकदा आम्हाला दाखवलं होतं. बुरशी आणि शेवाळ. ही मंडळी नुसती वर बसत नाहीत, म्हणाले; आंबट रस सोडतात, चुना विरघळवतात, दगडाच्या आत शिरतात. दगडही कुजतो — फक्त सवडीनं.

बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती. माझ्या डोक्यात भलतंच शिजत होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गोळीबारात माणसं गेली होती. गिरगावातून मोर्चा निघाला की आमच्या वाडीतले निम्मे पुरुष त्यात असत. मला घरून परवानगी नव्हती — असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे मी ती मागितलीच नव्हती. मला भीती वाटायची. पण मर्दुमकी तर हवी होती! धोक्याशिवायची, इस्त्री न मोडणारी मर्दुमकी.

मग काय केलं? जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा आईच्या पेजेत थोडं ताक कालवून एका डब्यात घातलं, वडिलांचा दाढीचा जुना ब्रश पळवला, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मागच्या छज्ज्याखाली भिंतीवर लिहिलं — मुंबई आमची. हातभर उंचीची अक्षरं. छज्ज्यामुळे तिथे पावसाची झड लागत नसे, ओल मात्र झिरपत राही. कुणी विचारलं तर सांगणार होते, सरांचा प्रयोग आहे. कुणी विचारलंच नाही. पेज वाळली, भिंत कोरी ती कोरीच. दोन-चार दुपारी जाऊन मी पुन्हा हात फिरवून आले. बुरशीला वेळच्या वेळी जेवायला घातलं म्हणा ना. घरी भाऊ जेवायचा राहिला तरी माझ्या लक्षात येत नसे.

श्रावणात हरताळ पडला, त्याला लागून सुट्टी आली, कॉलेज काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा छज्ज्याखाली हिरव्याकाळ्या अक्षरांत मुंबई आमची. मुलं टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या. कुणी लिहिलं, कुणी लिहिलं — नुसता गलका! आणि मी आपली वेणीचं टोक चावत, चेहरा असा निरागस ठेवून उभी — आत्ता आठवलं तरी तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

इथवर हसून सांगता येतं. म्हणूनच इथे रेंगाळते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

कॉलेजच्या पहाऱ्यावर भागुराम होते. आम्ही मुली त्यांना भागूमामा म्हणत असू. परळच्या चाळीत राहायचे, मूळचे रत्नागिरीकडचे. आदल्याच वर्षी बाबासाहेबांच्या मागून त्यांच्या सगळ्या चाळीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. कॉलेज बंद होतं ते सगळे दिवस ते मागच्या फाटकाशीच होते. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून विचारलं, तर म्हणाले, भिंतीजवळ कोणी आलं नाही. डाग दिसत होते, ओल आहे असं वाटलं. कोणी येऊन रंगवलं नाही.

आता हे कोण मानणार? अक्षरं काय आपोआप उगवतात?

आमचे सर मात्र चपापले. त्यांनी भिंतीवरचं थोडं खरवडून काचेवर घेतलं. म्हणाले, हा रंग नसेलही. जंतू असतील तर हे आधीच कधीतरी, दुसऱ्याच कशानं तरी लिहिलं गेलंय, आणि पहारेकरी खरं सांगतोय. पण सरांचे डोळे आले होते — लालबुंद, सारखं पाणी. सूक्ष्मदर्शकात बघणं अशक्य. मग बघायचं कुणी? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं.

प्रयोगशाळेत प्रिन्सिपॉलसाहेब, हेडक्लार्क, सर. दारात भागूमामा, टोपी हातात धरून. आणि मी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली.

इतकं सुंदर दिसत होतं ते! रेशमासारखे धागे, टोकांना काळे मणी, मधे शेवाळाचे हिरवे गोळे, आणि आईच्या पेजेतले तांदळाचे कण. एकेक ओळखू येत होतं.

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"रंग आहे, सर."

"नक्की?"

"नक्की. तेलात कालवलेला."

झालं. आलं बाहेर. लिहून टाकलं. भिंतीवर लिहिलं ती माझी चूक नव्हेच हो, तो तर पोरकटपणा. चूक ही — तीन वाक्यांची. त्यातलं एकेक मी शुद्ध, स्पष्ट उच्चारलं. तेलात कालवलेला — हे तर कुणी विचारलंही नव्हतं! तेल मी आपणहून ओतलं.

कशाला भीत होते? फार तर कॉलेजातून काढलं असतं. वडील रागावले असते. पोलिसांनी माझ्यासारख्या मुलीला काय केलं असतं? हे सगळं तेव्हाही मला ठाऊक होतं. त्यामुळे भीती असं नावही त्याला नीट बसत नाही.

प्रिन्सिपॉलसाहेब तसे दुष्ट नव्हते. म्हणाले, "भागुराम, डुलकी लागली असं म्हण, माफी माग. विषय संपला."

भागूमामा म्हणाले, "लागली असती तर बोललो असतो, साहेब. पंचशील घेतलंय मी. खोटं बोलायचं नाय त्यात."

हेडक्लार्क हसला. "धर्म नवा घेतलास, म्हणून डोळेही नवे आले काय रे?"

कुणी त्याला गप्प केलं नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. ज्याला दिसतं त्याच्याकडे आपण बघतो ना, तसं पाहिलं. मी काच पुसत होते. चांगली घासून पुसली.

त्या आठवड्यात त्यांची नोकरी गेली. खोटं बोलले असते तर राहिली असती.

भिंत अ‍ॅसिडनं धुतली. चुन्याचा दगड तो, फसफसून फेस आला. मला ठाऊक होतं असं होणार. तेव्हाही बोलले नाही. खरबरीत झालेल्या दगडात पुढच्या पावसाळ्यात बुरशी आणखी खोल गेली, मग वरची कोरीव पानं भुग्यासारखी झडू लागली. पुढे मी जन्मभर सूक्ष्मजंतूच शिकवले. जुन्या इमारतींचा दगड कसा कुजतो यावर भाषणं दिली, शाली-नारळ घेतले. त्या भाषणांत छज्ज्याखालच्या भिंतीचं उदाहरण मी कधीच दिलं नाही, एवढी काळजी घेतली.

राज्य झालं, मुंबई आपली झाली, आणि त्यानंतर माझं लग्न ठरलं. साड्या घ्यायला आईबरोबर हिंदमाताला गेले होते. दुकानाच्या पायरीशी हाक आली, "बाय, वळख हाय ना?" भागूमामा. बरोबर त्यांची मुलगी. आता शिवडीला गोदामात ओझी उचलत होते. खांदा एका बाजूला उतरला होता. आई दुकानात शिरली. मी थांबले.

म्हणाले, "बाय, एक विचारायचं व्हतं. बरं झालं भेटलीस. तुझ्या त्या यंत्रात रंगच दिसला ना?"

मी दुकानात टांगलेल्या साड्यांकडे बघू लागले.

"नाय, मी आपला विचार करतो. यंत्र कशाला खोटं दाखवंल? माझीच डुलकी लागली असंल. आणि मी तिथं पंचशीलाचं नाव घेऊन बसलो. नोकरीचं काय, दुसरी मिळाली. पण ते नाव घेतलं ना खोट्यापायी — ते लागून राहिलंय जिवाला."

त्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती. आतून आई हाका मारत होती, जांभळी की मोरपंखी?

"लागली असेल हो, मामा," मी म्हणाले. "पावसाची हवा होती."

त्यांनी मान हलवली, सुटल्यासारखी. मग मुलीला घेऊन गेले. मी आत जाऊन मोरपंखी घेतली.

भागूमामा आता नाहीत. त्यांची मुलगी कुठे असते मला ठाऊक नाही. मी शोधलंही नाही.

ते सगळे दिवस ते जागे होते.