लिनक्सवाल्या बाई

शिकवताना बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. समोरचा माणूस कितीही गोंधळला, तरी त्यांचे हात पुढे यायचे नाहीत. "मी हात लावला की काम होईल, पण तुम्हाला येणार नाही," असं म्हणायच्या. तुम्ही कधी कुणाला कॉम्प्युटर शिकवला असेल, तर असं नुसतं बघत उभं राहणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक असेल.

महाडला बाईंचा टायपिंगचा क्लास होता. मशीनच्या जागी कॉम्प्युटर आले, तशा त्याही पुस्तकं आणून शिकत गेल्या. मी पोलादपूरच्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क होतो. शाळेच्या कॉम्प्युटरांवर कुणीतरी परवान्याशिवाय फुकट टाकून दिलेली विंडोज होती. ती वापरू नका अशी वरून तंबी आली, आणि विकत घ्यायची संस्थेची तयारी नव्हती. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. त्यांनी विंडोजच्या जागी रीतसर फुकट मिळणारं लिनक्स घातलं, पडद्यावर सगळं मराठीत आणलं, आणि शनिवारी शाळा सुटली की शिक्षकांना शिकवायला त्या एसटीने येऊ लागल्या.

पहिल्याच शनिवारी गणिताचे सर चिडले. "बाई, स्टार्ट कुठं गेलं?"

"वर बघा, डावीकडे."

"चांगलं खाली होतं, वर कशाला नेलं?"

"मी नाही नेलं सर. ह्यात ते तिथंच असतं."

"आणि हे संपादन म्हणजे काय?" पलीकडून आणखी एक आवाज आला. "सरळ एडिट म्हणा ना!" हे आमचे मराठीचे सर.

बाई हसल्या. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "हळूहळू होईल," एवढंच म्हणायच्या.

पण ते होत नव्हतं. विंडोजमधला मराठी फाँट ह्यात नव्हता, त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. बाई त्या महाडला घरी नेऊन पुन्हा टाइप करून आणायच्या. प्रिंटर तर लिनक्सला ओळखच देईना. त्याच्यापुढे बसून बाईंनी कितीतरी शनिवार घालवले. शिक्षक बाहेर व्हरांड्यात चहा पीत बोलायचे, "लिनक्सवाल्या बाई आल्या, आता दुपार गेली."

एकच माणूस मनापासून शिकत होता. आमचे हिंदीचे सर. निवृत्तीला आलेले, आंबेनळीच्या रस्त्याला वर डोंगरावर गुरं राखणाऱ्यांची वाडी आहे, तिथले. त्यांनी आधी कॉम्प्युटरला हातच लावला नव्हता, त्यामुळे त्यांना जुन्या विंडोजची आठवण यायची नाही. बाईंनी कागदाचे तुकडे कापून त्यांच्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षर चिकटवून दिलं होतं. सर एका बोटाने टाइप करायचे.

काय करताय, म्हणून मी एकदा डोकावलो. त्यांचे वडील गुरांना औषध देत. रविवारी सर त्यांच्याशेजारी बसून ऐकायचे आणि सोमवारी शाळेत येऊन टाइप करायचे. गाय व्यायल्यावर जार पडत नसेल तर बांबूचा पाला कसा द्यायचा, जखमेत किडे झाले तर सीताफळीचा पाला कसा वाटायचा. किती, कधी, गाभण जनावराला काय द्यायचं नाही, सगळं.

"बाई, हे राहील ना इथं?" सरांनी विचारलं.

"राहील की. प्रिंटर चालला की पहिलं तुमचंच छापू."

बाईंनी फ्लॉपीवर एक प्रतही घेतली होती.

उन्हाळ्यात सरांच्या वडिलांना लकवा झाला. वाचा गेली. सर रजेवर गेले. त्याच दिवसांत निकालपत्रकं छापायची घाई सुरू झाली आणि प्रिंटर हटूनच बसला. मी कामासाठी अलिबागला गेलो होतो, तेव्हा मुख्याध्यापकांनी महाडहून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सगळं पुसून पुन्हा विंडोज घातली. संध्याकाळपर्यंत निकाल छापून झाले, आणि म्हणे शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी बाई खोलीत शिरल्या आणि सरांच्या कीबोर्डपाशी थांबल्या. बटणांवर पुन्हा नुसती इंग्रजी अक्षरं होती. मराठी अक्षरांचे कागद खरवडून काढलेले, कडेला चिकटपट्टीचे डाग.

"भाऊसाहेब, हे कुणी काढलं?"

मी सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, पर्समधून फ्लॉपी काढून आत घातली. ती नुसती करकरली. बाईंनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. मग शेजारच्या कॉम्प्युटरला, मग त्याच्या शेजारच्या. कुठंच उघडली नाही. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही कष्ट खूप घेतलेत. पण आम्हाला काम चालवायचं असतं हो." त्यांचंही चूक नव्हतं.

"मी सरांना स्वतः सांगते," बाई मला म्हणाल्या. त्यांना वाट माहीत नव्हती, म्हणून मी वाडीवर बरोबर गेलो.

सरांनी ऐकून घेतलं.

"तुम्हाला जेवढं आठवतंय तेवढं सांगा," बाई म्हणाल्या, "मी बसून लिहून काढते."

"आठवतं थोडं. पण मापात चुकलो तर जनावर मरेल, बाई. अर्धवट नको."

आतल्या खाटेवर म्हातारबा पडले होते. सरांची आई म्हणाली, "बोलत नाय गो बाय. पन कळतंय सगळं." सरांनी कुंपणाचा थोडा पाला तोडून त्यांच्यापुढे धरला. म्हातारबांनी डाव्या हाताने तो घेतला, हुंगला, आणि त्यांचे डोळे एकदम जागे झाले. तोंडातून जोर लावून आवाज काढू लागले. बाई खाली वाकल्या, पार कान लावून. "काय म्हणताय बाबा? पुन्हा सांगा." ते पुन्हा सांगत होते. घामाघूम झाले. एकही शब्द कळला नाही. शेवटी आईने पाला हातातून काढून घेतला आणि त्यांचं तोंड पुसलं.

म्हातारबा पावसाळ्यानंतर गेले. भेटायला बाई पुन्हा डोंगर चढून आल्या, मीही बरोबर होतो. निघताना सरांनी विचारलं, "बाई, शाळेत पुन्हा ते मराठीतलं येईल का हो?"

"नाही सर," त्या म्हणाल्या. "आता नाही येणार."

चहा न घेता त्या उठल्या आणि माझ्यासाठी न थांबता उतरू लागल्या. सर आणि मी अंगणाच्या कडेला उभे राहिलो. थोड्या वेळाने खाली रस्त्याच्या कडेला बाई जाऊन थांबलेल्या दिसल्या. महाबळेश्वरकडून एसटी आली, गच्च भरलेली, आणि न थांबता वळणाआड गेली. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पदर खोचून पोलादपूरच्या दिशेने चालू लागल्या.

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत.